कॉलेजातील कॅन्सर निधी : आधी हिशेब, मग देणगी

स्नेहसंमेलनाचे दिवस आले की कॉलेजचे विद्यार्थी पावतीपुस्तके घेऊन बाजारपेठेत फिरू लागतात. काही पावत्यांवर 'कॅन्सरग्रस्तांच्या मदतीसाठी' असे छापलेले असते, काहींवर 'कॅन्सर संशोधनासाठी'. दुकानदार शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवून मोकळा होतो. पुढे त्या पैशाचे काय झाले हे तो विचारीत नाही आणि विद्यार्थीही सांगायला येत नाहीत. हेतू दोघांचाही चांगला असतो. परंतु चांगल्या हेतूने गोळा केलेला पैसा योग्य जागी पोहोचतोच असे नाही. व्यापारी माणसाला हे वेगळे सांगायला नको. माल कितीही चोख असला तरी वही चोख नसेल तर पेढी टिकत नाही.

कॉलेजच्या आवारात असा निधी कसा उभारावा आणि व्यापारी व कारागीर बांधवांनी त्यात कोणता वाटा उचलावा, याची माहिती या लेखात देत आहोत.

एका विद्यापीठाचे उदाहरण

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७३ साली एक उपक्रम सुरू केला. ठरावीक तास न बसता, न झोपता पायांवर उभे राहून नाचत राहायचे आणि त्यानिमित्ताने लोकांकडून देणग्या मिळवायच्या. पहिल्या वर्षी सुमारे दोन हजार डॉलर जमले. १९७७ पासून सर्व निधी 'फोर डायमंड्स' या एकाच संस्थेला देण्याचे ठरले. चौदा वर्षांचा मुलगा कॅन्सरने गमावलेल्या आईवडिलांनी १९७२ साली ही संस्था उभी केली होती. हर्शी या गावच्या बालरुग्णालयात उपचार घेणाऱ्या मुलांचा विम्यातून न भागणारा खर्च ती उचलते आणि बालकॅन्सरवरील संशोधनालाही पैसा देते. आता हा उपक्रम ४६ तास चालतो. २०२५ साली त्यातून १ कोटी ७७ लाख डॉलर जमले.

नाचगाण्याचा तो प्रकार आपल्याकडे आणण्याची काहीच गरज नाही. घेण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. पहिली, पैसा कोणाला जाणार हे आधी ठरलेले असते आणि ते दरवर्षी बदलत नाही. दुसरी, रुग्णाची मदत आणि संशोधन ही दोन्ही कामे देणगीदाराला माहीत असतात. तिसरी, जमलेली रक्कम कार्यक्रमाच्या शेवटी सर्वांसमोर, सुट्या पैशांसह जाहीर केली जाते.

दुसरे उदाहरण कॅनडातील टेरी फॉक्स या विद्यार्थ्याचे. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पाय लावून देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावू लागला. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर कापले. पुढे आजार फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि जून १९८१ मध्ये त्याचे निधन झाले. देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर, एवढीच त्याची मागणी होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाखांवर डॉलर जमले आणि ती मागणी पुरी झाली. आपल्या नावावर कोणत्याही कंपनीने माल खपवू नये, यावर तो ठाम राहिला. मोठा निधी मोठ्या देणगीदारांमुळेच उभा राहतो असे नाही. लहान रकमा आणि स्वच्छ नाव यांतूनही तो उभा राहतो.

दोन कामे, दोन खाती

'कॅन्सरसाठी' हा शब्द फार ढोबळ आहे. रुग्णाला मदत हे एक काम आणि संशोधन हे दुसरे. दोन्हींची गरज आहे, मात्र त्यांचे पैसे एकत्र करू नयेत.

रुग्णमदतीचा विचार आधी करू. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून तेथे रुग्ण येतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली कॅन्सरवरील अनेक उपचारांचा खर्च आता शासन उचलते. पण उपचार म्हणजे फक्त शस्त्रक्रिया नव्हे. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस आणि पाच ते सात आठवडे चालतात. तेवढे दिवस रुग्णाने आणि सोबतच्या माणसाने मुंबईत राहायचे कोठे, खायचे काय? मालेगावचा किंवा भिवंडीचा यंत्रमाग कामगार आजारी पडला तर त्याची मजुरी त्याच दिवशी थांबते आणि सोबत आलेल्या भावाचीही थांबते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षांपासून अशा रुग्णांना आसरा देत आली आहे. कॅन्सरग्रस्त मुलांना व त्यांच्या आईवडिलांना मोफत निवारा देण्याचे काम २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था करीत आहे. निवारा, प्रवास, दोन वेळचे जेवण, योजनेत न बसणारी औषधे व तपासण्या, या ठिकाणी कॉलेजने जमवलेली लहान रक्कमही उपयोगी पडते.

आता संशोधन. संशोधन म्हटले की कोट्यवधींची यंत्रे डोळ्यांसमोर येतात आणि आपल्या हजार रुपयांनी काय होणार, असे वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या महिलांची गर्भाशयमुखाची तपासणी सिरक्यातील आम्लाच्या सौम्य द्रावणाने केली गेली. हे द्रावण लावल्यावर संशयास्पद भाग पांढरा दिसतो. दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन हे काम करवून घेतले. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू शेकडा ३१ ने कमी झाले होते.

स्तनाच्या कॅन्सरचे उदाहरणही असेच आहे. शस्त्रक्रियेच्या थोडे आधी गाठीभोवती बधिरीकरणाचे साधे, स्वस्त इंजेक्शन दिले तर काय होते, हे भारतातील ११ केंद्रांत सुमारे सोळाशे महिलांवर तपासले गेले. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या महिलांचे प्रमाण शेकडा ८६ वरून ९० वर गेल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. सिरका आणि बधिरीकरणाचे इंजेक्शन या कोपऱ्यावर मिळणाऱ्या वस्तू आहेत. त्यांचा उपयोग सिद्ध करण्यासाठी मात्र वर्षानुवर्षे माणसे, नोंदी आणि पाठपुरावा लागला. संशोधनाचा पैसा येथे खर्च होतो.

म्हणून पावतीवर दोन रकाने असावेत, 'रुग्णमदत' आणि 'संशोधन'. देणगीदार ज्यावर खूण करील त्याच खात्यात पैसा जावा.

परवानगी कोणाची?

विद्यार्थ्यांनी प्रथम प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी आणि एका प्राध्यापकावर जबाबदारी सोपवावी. नंतर ज्या संस्थेला पैसा द्यायचा तिच्याकडून 'आम्ही हा निधी या कामासाठी स्वीकारू' असे पत्र आणावे. संस्थेचे नाव विचारल्याशिवाय पावतीवर छापू नये.

नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्यांना धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे घेतात तीच ही परवानगी. मुले बाजारात उतरणार असतील तर हे टाळता येणार नाही. यापेक्षा सोपा मार्ग असा की, देणगीदाराने पैसे थेट रुग्णालयाच्या किंवा संस्थेच्या खात्यात भरावेत आणि विद्यार्थ्यांनी फक्त प्रचार करावा. पावती देणगीदाराच्या नावाने मिळते आणि मुलांच्या हाती रोकड राहत नाही.

आयकरात सवलत हवी असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ती मान्यताप्राप्त संस्थेच्या पावतीवरच आणि जुन्या करपद्धतीतच मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगी सवलतीस पात्र नाही. चेक किंवा बँकेतूनच द्यावी.

व्यापाऱ्यांचा खरा वाटा

आपल्याकडे देणगी म्हणजे रोख, अशी समजूत आहे. एक साधा हिशेब पाहू. समजा, कॉलेजने एक दिवसाची जत्रा भरवली आणि खाण्याचे, हस्तकलेचे, पुस्तकांचे गाळे मिळून ८०,००० रुपये जमले. मंडप, लाउडस्पीकर, छपाई, पाहुण्यांचे जेवण व स्मृतिचिन्हे यांवर ५०,००० गेले. रुग्णाच्या वाट्याला आले ३०,०००. आता याच जत्रेत मंडपवाल्याने भाडे सोडले, छापखान्याने कागदाच्या किमतीत पावत्या छापल्या, आचाऱ्याने मजुरी घेतली नाही, शाली-स्मृतिचिन्हे रद्द केली आणि खर्च ८,००० वर आला, तर रुग्णाला ७२,००० मिळतात. एक रुपयाही जास्त वर्गणी न काढता ४२,००० वाढले. कारागिराची सर्वांत मोठी देणगी ती हीच.

गाळा घेणाऱ्याने भाव ठरवताना संदिग्ध राहू नये. 'विक्रीचा काही भाग कॅन्सरसाठी' ही पाटी ग्राहकाची दिशाभूल करते. बिर्याणीच्या प्लेटला सामान ६० रुपयांचे आणि किंमत १०० असेल, तर 'प्रत्येक प्लेटमागे ४० रुपये निधीत' असे लिहावे. शिंप्याने कातरणातून कापडी पिशव्या कराव्यात, सुताराने लाकडी खेळणी, चपलेच्या कारागिराने चामड्याच्या कीचेन. मालाची किंमत आणि निधीचा वाटा दोन्ही पाटीवर दिसू द्यावेत.

ज्यांना पैसा शक्य नाही त्यांनी रक्त द्यावे. कॅन्सरच्या अनेक रुग्णांना रक्त व प्लेटलेट लागतात, आणि प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे साठवता येत नाहीत. परवानाधारक रक्तपेढीला बोलावून आवारातच शिबिर घेता येते. रक्तदात्याचे वय १८ पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो हवे.

रोकड आणि हिशेब

पावतीपुस्तकांना अनुक्रमांक असावेत आणि कोणते पुस्तक कोणाकडे दिले याची नोंद ठेवावी. पेट्या सीलबंद असाव्यात. त्या दोघांनी मिळून उघडाव्यात आणि मोजणीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्या दिवसाची रोकड दुसऱ्या दिवशी बँकेत जावी. मोबाईलवरून पैसे घेण्याचा क्यूआर कोड संस्थेच्या किंवा कॉलेजच्या खात्याचा असावा, एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्याचा कदापि नसावा. खर्चाचे बिल जमेतून परस्पर वजा करू नये. जमा पूर्ण दाखवावी आणि खर्च वेगळा दाखवावा.

रुग्णाला मदत द्यायची तर ती नातेवाइकाच्या हाती रोख न देता रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत, त्याच्या उपचाराच्या खात्यात भरावी. गरज कोणाची अधिक आहे हे तेथील वैद्यकीय समाजसेवकांना कळते.

जकातीचा प्रश्न

आपल्या बाजारपेठेत कोणी जकातीची रक्कमही या पेटीत टाकतो. येथे सावधगिरी हवी. बहुसंख्य उलेमांच्या मते जकात ही हक्कदार गरजू व्यक्तीच्या मालकीत गेली पाहिजे. म्हणून प्रयोगशाळा, यंत्रे, मंडप यांसाठी ती वापरता येत नाही. हक्कदार रुग्णाला ती देता येते. संशोधनासाठी सदका व इमदादीचा पैसा द्यावा. संयोजकांनी जकातीची पेटी वेगळी ठेवावी. ते शक्य नसेल तर घेणार नाही असे स्पष्ट सांगावे, आणि देणाऱ्याने आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

एक कडू गोष्ट

तोंडाच्या कॅन्सरचे एक प्रमुख कारण तंबाखू आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही कॉलेजच्या फाटकासमोर पुड्यांच्या माळा लटकताना दिसतात, आणि आपल्यापैकी काहींचे गल्ले त्यांवर चालतात हे नाकारण्यात अर्थ नाही. एका हाताने पुडी विकून दुसऱ्या हाताने कॅन्सरची पावती फाडणे, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळत नाही. संयोजकांनी तंबाखू, बिडी, सुगंधी सुपारी यांच्या विक्रेत्यांची जाहिरात घेऊ नये. आणि कॉलेजजवळच्या दुकानदाराने त्या माळा उतरवल्या, तर त्याची ती देणगी पावतीवरच्या आकड्यापेक्षा मोठी ठरेल.

रुग्णाची आब

कार्यक्रमात रुग्णाला व्यासपीठावर बसवून त्याच्यासमोर टाळ्या वाजवणे, केस गेलेल्या मुलाचा फोटो फलकावर लावणे, हे प्रकार टाळावेत. मदत घेणारा आज ग्राहक आहे, कारागीर आहे, कोणाचा तरी बाप आहे. त्याला उद्या याच गावात वावरायचे आहे. त्याच्या लेखी संमतीशिवाय नाव, फोटो, आजार यांपैकी काहीही जाहीर करू नये.

कार्यक्रमानंतर आठ दिवसांत जमा, खर्च, संस्थेकडे भरलेली रक्कम आणि तिची पावती कॉलेजच्या सूचना फलकावर लागली पाहिजे. जत्रेला हातभार लावणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला तिची एक प्रत मिळाली पाहिजे. यंदा विद्यार्थी आपल्या दुकानाच्या पायरीवर आले, तर त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवू नका. मात्र गल्ल्यात हात घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : पैसा कोणाला जाणार, खर्च किती, आणि हिशेब कधी दाखवणार? ज्या मुलांकडे या तिन्हींची उत्तरे असतील त्यांना पैशाबरोबर आपला मंडप, आपला छापखाना आणि आपली कारागिरीही द्या. ज्यांच्याकडे नसतील त्यांना रागावू नका. त्यांना दुकानात बसवा आणि वही कशी लिहितात ते शिकवा.