नवे टायर, घटलेली रेंज: तुलना नेमकी कशाशी?

इलेक्ट्रिक गाडीचे टायर बदलले की एक तक्रार हमखास ऐकू येते: "आधी पूर्ण चार्जवर २३० किलोमीटर जायची, आता २१० लाच बॅटरी संपते. टायर भंगार निघाले!" रिसर्चला यायची तयारी करत असाल तर हे वाक्य जरा थांबून वाचा. २३० आणि २१० हे निरीक्षण झालं. 'टायर भंगार' हा निष्कर्ष. दोघांच्या मधली पायरी कोणी बघितलीच नाही. या घाईमुळे काही जण पुढच्या वेळी फक्त रेंज बघून टायर घेतात, आणि त्याची किंमत पावसात ब्रेक दाबल्यावर कळते. म्हणून आज हाच प्रश्न एखाद्या रिसर्च प्रॉब्लेमसारखा सोडवू.

आधी अटी, मग उद्दिष्टं

उदाहरणाला नेक्सॉन ईव्ही घेऊ. तिच्या टायरची साईज २१५/६० आर १६, आणि गाडीचं वजन साधारण १४०० किलो. बॅटरीमुळे ती पेट्रोलच्या नेक्सॉनपेक्षा बरीच जड आहे. त्यामुळे साईजनंतर येणारा आकडा, म्हणजे लोड इंडेक्स, फार महत्त्वाचा. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो पेलतील, ९१ म्हणजे ६१५. साईज, लोड इंडेक्स आणि त्यापुढचं वेगाचं अक्षर या अटी आहेत. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलंय त्यापेक्षा कमी क्षमतेचा टायर यादीतून सरळ बाद. किंमत कितीही चांगली असली तरी इथे तडजोड नाही.

उरलेल्या टायरांमध्ये तीन उद्दिष्टं एकमेकांशी भांडतात: रेंज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि टिकाऊपणा.

भांडण रबराच्या आत आहे

टायर फिरताना रबर दबतं आणि परत सुटतं. दाबताना घातलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. हाच रोलिंग रेझिस्टन्स. पण रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागाला घट्ट धरायला रबराला हीच ऊर्जा वाया घालवावी लागते! म्हणजे एकाच गुणधर्माचा एकीकडे तोटा, दुसरीकडे फायदा.

सुटका अशी, की दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला घडतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला साधारण ८ वेळा फिरतं. रस्त्यावरच्या बारीक खडबडीतून घसरताना मात्र रबराला सेकंदाला हजारो, लाखो वेळा धक्के बसतात. प्रयोगशाळेत म्हणूनच रबराचा टॅन डेल्टा दोन तापमानांना बघतात: ६० अंश सेल्सिअसला कमी असेल तर रेंज चांगली, शून्य अंशाजवळ जास्त असेल तर ओली पकड चांगली. १९९२ मध्ये मिशेलिननं सिलिका घातलेले टायर बाजारात आणले ते याच वाटेनं. भांडण त्यानं मिटलं नाही, सौम्य झालं. शिवाय असं रबर लवकर झिजू नये हा तिसरा प्रश्न राहतोच.

फरक किती? हिशोब करू

युरोपियन लेबलवर रोलिंग रेझिस्टन्सचे वर्ग असतात. ७.५ किलो प्रति टन हा बी वर्गात बसतो, १० हा डी वर्गात. दोन माणसं धरून गाडी १५५० किलोची समजा. बलातला फरक = ०.००२५ × १५५० × ९.८१, म्हणजे सुमारे ३८ न्यूटन. एका किलोमीटरला ३८ किलोज्यूल, म्हणजे साधारण १०.६ वॉट-तास. गाडी किलोमीटरला १३० वॉट-तास खात असेल तर हा ८ टक्क्यांचा फरक झाला. २३० ची रेंज २१२-२१३ वर येते.

मग तक्रार खरीच की! थांबा, अजून तीन संशयित आहेत.

एक, तुलना कोणाशी केली? उतरवलेला टायर गुळगुळीत झालेला होता. झिजलेल्या टायरमध्ये दबायला रबरच कमी, त्यामुळे त्याचा रोलिंग रेझिस्टन्सही कमी. म्हणजे तोच ब्रँड, तेच मॉडेल नवं बसवलं असतं तरी रेंज काही प्रमाणात घटलीच असती.

दोन, मोजपट्टीच बदलली. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर आणि झिजलेल्याची २ असेल, तर त्रिज्येत ६ मिलिमीटरचा फरक पडतो. या साईजची त्रिज्या सुमारे ३३२ मिलिमीटर, म्हणजे जास्तीत जास्त १.८ टक्के. झिजलेल्या टायरवर ओडोमीटर तेवढाच रस्ता थोडा जास्त दाखवत होता. २३० पैकी तीन-चार किलोमीटर कदाचित कधी धावलेच नव्हते.

तीन, हवा आणि ऋतू. दुकानात हवा किती भरली? टायर बदलले ते जूनमध्ये का? ओला रस्ता आणि दिवसभर चालणारा एसी दोन्ही बॅटरी खातात.

रिसर्चच्या भाषेत सांगायचं तर बेसलाइन चुकीची, मोजमापात पूर्वग्रह, आणि बाकीचे घटक मोकाट.

मग निवडायचं कसं?

ओली पकडही आकड्यात बघा. युरोपियन लेबलवर बी वर्ग १.४० पासून सुरू होतो, सी वर्ग १.२५ पासून. ब्रेकिंगचं अंतर ढोबळमानानं याच्या उलट प्रमाणात धरलं, तर १.४० चा टायर जिथे ३० मीटरवर थांबतो तिथे १.२५ चा सुमारे ३३.६ मीटर घेतो. जवळजवळ एका नेक्सॉनची लांबी! पावसात घाट उतरणाऱ्यासाठी ही लांबी १५ किलोमीटर रेंजपेक्षा मोलाची आहे. रोज शहरात तीसेक किलोमीटर चालवून घरी चार्ज करणाऱ्याला तर त्या १५ किलोमीटरांची गरजच पडत नाही.

म्हणून माझा क्रम असा: लोड इंडेक्समध्ये बसणारे टायर घ्या, त्यातून ओल्या पकडीत किमान बी वर्ग ठेवा, आणि जे उरतील त्यात सर्वात कमी रोलिंग रेझिस्टन्सचा निवडा. आपल्याकडचं बीईईचं स्टार लेबल ऊर्जाबचतीबद्दल सांगतं, त्यावरून ओल्या पकडीचा अंदाज बांधू नका. युरोपातलं लेबल बघितलंत तर साईज आणि पूर्ण मॉडेल तेच आहे ना, ते तपासा. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा.

बसवल्यावर थंड टायरमध्ये मॅन्युअलप्रमाणे हवा भरा आणि निकाल लगेच जाहीर करू नका. एकाच रस्त्यावर, साधारण त्याच वेगानं, चार-पाच फेऱ्यांच्या नोंदी ठेवा. अंतर ओडोमीटरऐवजी नकाशावरून घ्या.

जाता जाता एक काम: तुमच्या विषयातला "आमची पद्धत अमुक टक्क्यांनी सरस" म्हणणारा एखादा पेपर काढा, आणि त्यात झिजलेला टायर कुठे लपलाय ते शोधा. सापडला तर कमेंटमध्ये लिहा, पुढच्या लेखात त्यावर बोलू.