खेळाडूचा कोच झाला, मग त्याची रँक कशी लावायची?

आजचा प्रश्न असा, की इंटरनेटवर एखाद्याच्या नावापुढे 'लोकप्रियतेत अमुक क्रमांक' लिहिलेलं असतं, तो आकडा येतो कुठून?

उदाहरण घेऊ अराता इझुमीचं. जन्म १९८२चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. वडील भारतीय वंशाचे, आई जपानी. २००६ मध्ये तो ईस्ट बंगालकडून खेळायला आला, पुढे महिंद्रा युनायटेड आणि मग पुणे एफसी. भारताकडून खेळता यावं म्हणून त्यानं जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. खेळणं थांबल्यावर तो नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या पोरांचा कोच झाला.

आता अशा माणसाची रँक कशी काढतात? एमआयटीत सुरू झालेला 'पँथिऑन' नावाचा प्रकल्प बघा. तो विकिपीडियावरून गुण देतो. माणसावर किती भाषांत लेख आहेत, वाचन एकाच भाषेत गोळा झालंय की पसरलंय, इंग्रजी सोडून किती वाचलं जातं, वाचन वर्षभर टिकतं की एकदम उसळून बसतं, आणि जन्माला किती वर्षं झाली. पंधरापेक्षा जास्त भाषांत लेख असेल तरच यादीत जागा. म्हणजे मराठीत नीट लिहिलेला एक लेखसुद्धा हिशेबात धरला जातो, बरं का!

पण दोन अडचणी आहेत. पहिली, प्रत्येकाला एकच पेशा मिळतो. फुटबॉलपटू म्हणून नोंद झाली, की कोच म्हणून केलेलं काम त्याच रकान्यात बुडालं. दुसरी अडचण मोठी आहे. गोल करणाऱ्याचं नाव लोक शोधतात. त्याला बाराव्या वर्षी बॉल थांबवायला शिकवणाऱ्याचं कोण शोधतो? कोचचं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होतं.

आपल्या बडनेऱ्याचंच घ्या नं. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन, अमरावतीला जाणारे कितीतरी लोक इथे उतरून पुढे जातात. फलाटावरची गर्दी मोजली तर ये-जा कळेल, गावात राहतं कोण ते नाही कळणार. रँकचा आकडाही तसाच. तो खोटा नसतो, पण ये-जा सांगतो.

हे सांगायचं कारण म्हणजे आता पोराला कोणत्या कोचकडे घालायचं, हेही आपण मोबाईलवर स्टार आणि फॉलोअर बघून ठरवतो. त्याआधी एक दिवस मैदानावर जाऊन उभे राहा. सगळ्यात कच्च्या पोराच्या पायात बॉल किती वेळ येतो आणि तो चुकला की कोच काय बोलतो, एवढं बघा. हे मोजणारं ॲप अजून माझ्या पाहण्यात नाही. भेटू पुढच्या भागात!