अल्पवेतन कामगारांचा संप आणि त्याची टिकाऊ शक्ती : मुंबईच्या १९२८ च्या गिरणी-संपाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

संप म्हणजे कामगारांनी आपले श्रम काही काळ मालकास न विकण्याची सामुदायिक कृती होय. अर्थशास्त्रात तिचे विवेचन बहुधा सौदाशक्तीच्या अंगाने केले जाते. ज्या पक्षास अधिक काळ थांबणे परवडते त्याची सौदाशक्ती अधिक, असा त्याचा मथितार्थ. ही कसोटी जशीच्या तशी लावली तर अल्पवेतन कामगारांचा दीर्घ संप मुळात संभवूच नये. ज्याच्यापाशी संचय नाही, ज्याच्या संघापाशी निधी नाही आणि ज्याची जागा घेण्यास गिरणीच्या दरवाजाशी दुसरा उभा आहे, तो आठवड्याभरात शरण जाईल असे मानणे तर्काला धरूनच आहे. ब्रिटनमधील कुशल कारागिरांच्या संघांवरून जो क्रम सर्वसामान्य म्हणून स्वीकारला गेला, तोही हेच सुचवितो : प्रथम संघ, मग वर्गणी, वर्गणीतून निधी आणि निधीच्या बळावर संप. लंडनच्या गोदी कामगारांनी १८८९ मध्ये या क्रमाला पहिला मोठा धक्का दिला. परंतु त्यांच्या पाठीशीही ऑस्ट्रेलियातून आलेल्या तीस हजार पौंडांहून अधिक रकमेचे साहाय्य होते.

मुंबईच्या सुती गिरण्यांचा इतिहास या क्रमाशी जुळत नाही. १९१९, १९२०, १९२४ आणि १९२५ या वर्षी येथे सार्वत्रिक संप झाले. त्या प्रत्येक वेळी गिरणी कामगारांचा व्यापक पायावरील, स्थिर असा संघ अस्तित्वात नव्हता. १९२८ मध्ये तर सुमारे दीड लाख कामगार एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत कामाबाहेर राहिले. संघटित निधी नसताना हे कसे शक्य झाले आणि त्या शक्तीच्या मर्यादा कोणत्या, हे पाहणे उद्बोधक आहे.

२. कामगाराची आर्थिक स्थिती

मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार-कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत शेकडा ९७ कुटुंबे एका खोलीत राहणारी आणि शेकडा ४७ कुटुंबे कर्जबाजारी आढळली. दरमहा रुपयास एक आणा हा व्याजाचा दर नित्याचा होता. वार्षिक हिशेबाने तो शेकडा ७५ होतो. कर्जाचे कारण केवळ लग्नकार्ये वा व्यसने नव्हे. वेतन देण्याची रीत हेही त्याचे एक मूळ होते. महिना भरल्यावर पगार लगेच हाती पडत नसे, तो पुढील महिन्याच्या मध्याच्या सुमारास मिळे. म्हणजे नव्याने कामावर लागलेल्या माणसास पहिला पूर्ण पगार मिळेपर्यंत सुमारे दीड महिना उधारीवर काढावा लागे, आणि ही मागे पडलेली बाकी पुढे कधीच भरून येत नसे. वेतनप्रदानाची मुदत कायद्याने ठरली ती १९३६ मध्ये.

काम मिळणेही निश्चित नव्हते. कामगारांची भरती मुकादमाच्या हाती असे. त्यास दस्तुरी द्यावी लागे. कायम कामगाराने खाडा केला तर त्याच्या जागी बदली घेतला जाई, आणि असे बदली कामगार पहाटे दरवाजाशी मुकादमाच्या दृष्टीस पडण्यासाठी उभे राहत. साचेखात्यात कापडात दोष निघाल्यास ते कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची प्रथा होती. अशा स्थितीतील कामगार दुर्बल होता यात संशय नाही. तथापि याच स्थितीने त्याला वाणी, खाणावळ, चाळ आणि गाव यांच्याशी घट्ट बांधून ठेवले होते, ही गोष्ट संपाच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

३. १९२८ च्या संपाची कारणे

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरल्यावर मुंबईच्या गिरण्यांना जपानी मालाची आणि देशातील इतर केंद्रांची स्पर्धा जाणवू लागली. १९२५ मध्ये मालकांनी वेतनात शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली. तिच्याविरुद्ध झालेला संप सरकारने सुती मालावरील अबकारी कर तहकूब केल्यावर, कपात मागे घेतली जाऊन मिटला. त्यानंतर मालकांनी दुसरा मार्ग अवलंबिला. विणकराने दोनऐवजी तीन साचे आणि कातणाऱ्याने एकीऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी कार्यक्षमतेची योजना काही गिरण्यांत, विशेषतः ससून समूहात, सुरू झाली. माणशी मिळकत थोडी वाढत असली तरी तेवढ्याच कामास माणसे कमी लागणार, हा तिचा उघड अर्थ होता. त्यात प्रमाणित वेतनश्रेणीची भर पडली. तिच्यामुळे विणकरांच्या दरात शेकडा साडेसात कपात होत असल्याची कामगारांची तक्रार होती.

येथे एक भेद लक्षात घेणे अवश्य आहे. वेतनकपात सर्वांना सारखी लागू होते, परंतु कामवाढीमुळे काहींची नोकरी जाते आणि काहींची मिळकत वाढते. म्हणून कामवाढीविरुद्ध सर्वांचा संप घडविणे अधिक अवघड असते. १९२८ च्या आरंभी काही गिरण्यांपुरते मर्यादित राहिलेले संप याचे निदर्शक आहेत. कामवाढ आणि कपात या दोहोंचे संकट एकाच वेळी सर्व खात्यांवर आले, तेव्हाच संप सार्वत्रिक झाला. सार्वत्रिक संपाविषयी प्रथम प्रतिकूल असलेल्या ना. म. जोशी यांच्या मुंबई कापड कामगार संघानेही अखेर संयुक्त संप समितीत भाग घेतला, आणि समितीने सतरा मागण्या मालकांपुढे ठेवल्या.

४. संप कशावर टिकला

संप समितीने धान्यवाटप केले आणि त्यासाठी देशातून व परदेशांतून मदत आली. तीत रशियातील कापड कामगारांची मदतही होती. परंतु दीड लाख कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्या सहा महिन्यांच्या गरजेपुढे कोणतीही मदत अपुरीच ठरणार होती. संपाचा खरा भार तीन आधारांनी उचलला.

पहिला आधार उधारीचा. वाण्याचे येणे कामगाराच्या पुढील पगारातूनच वसूल व्हावयाचे होते. संपकाळात त्याने उधारी तोडली तर जुने येणेही बुडण्याचा संभव आणि गिऱ्हाईक कायमचे गमावण्याची भीती. त्यामुळे धनको काही मर्यादेपर्यंत ऋणकोच्या लढ्यात गुंतला जाई. एकट्या राहणाऱ्या पुरुषांना जेवण घालणाऱ्या खाणावळींची, आणि त्या चालविणाऱ्या स्त्रियांची, स्थिती याहून निराळी नव्हती. सामान्य दिवसांत कामगाराला जखडणारे कर्ज संपाच्या दिवसांत त्याचा निधी बनले. अर्थात हा निधी फुकटचा नव्हता. त्याचे व्याज संप मिटल्यानंतर वर्षानुवर्षे फेडावे लागे.

दुसरा आधार गावाचा. रत्नागिरी जिल्हा, सातारा आणि दख्खनचा पठारी प्रदेश येथून आलेल्या कामगारांपैकी अनेकांची बायकामुले व जमिनीचा तुकडा गावी असे. ही जमीन कुटुंब पोसण्यास पुरत नसे, म्हणून तर माणूस मुंबईस येई. तथापि काही महिने तग धरण्यास तिचा उपयोग होई. संप वैशाखाच्या तोंडावर सुरू झाला, हेही लक्षणीय आहे. गावी जाण्याचा तो नेहमीचाच काळ होता आणि पुढे पेरणी-लावणीच्या कामास हातांची गरज होती. गावी गेलेला प्रत्येक कामगार मुंबईतील मदतीवरचा भार हलका करी. शिवाय मालकांच्या दृष्टीने तो फोडाफोडीच्या आवाक्याबाहेर गेलेला असे. ‘अर्धा शेतकरी’ असल्यामुळे मुंबईचा कामगार संघटनेस अपात्र आहे, हे तत्कालीन मत या दृष्टीने तपासून घेतले पाहिजे. गावाशी असलेला संबंध हे संघटनेचे वैगुण्य नव्हते, तर संपाचे पाठबळ होते.

तिसरा आधार वस्तीचा. परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी, शिवडी या भागांत गिरण्या आणि चाळी एकमेकींना लागून होत्या. कोण कामावर गेला हे लपून राहणे शक्य नव्हते. ज्या मुकादमाने माणसे कामावर लावावयाची, त्यालाही त्याच चाळीत राहावे लागे. वस्तीचे मत विरुद्ध गेले तर त्याची मुकादमी टिकत नसे. त्यामुळे मालकांचा प्रतिनिधी असलेला मुकादम पुष्कळदा संपाच्या विरोधात उभा राहू शकला नाही.

५. संपातून संघ

गिरणी कामगार युनियन मे १९२८ मध्ये, म्हणजे संप सुरू झाल्यानंतर, स्थापन झाली. अ. आ. आळवे तिचे अध्यक्ष होते, आणि श्री. अ. डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट कार्यकर्ते तिच्या नेतृत्वात होते. आरंभी तिचे सभासद ३२४ होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते ५४,००० झाले. संघामुळे संप झाला नाही, तर संपामुळे संघ उभा राहिला, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. संपकाळात सभा आणि धान्यवाटप यांनी कामगारांस एका केंद्राशी जोडले. संपानंतर गिरणीवार समित्या स्थापन होऊन दैनंदिन तक्रारी मुकादमाला वगळून थेट संघामार्फत मांडता येऊ लागल्या. दुर्बल कामगाराच्या दृष्टीने हाच संपाचा सर्वांत मोठा लाभ मानावा लागेल. सरकारच्या मध्यस्थीने ऑक्टोबरात संप मिटला आणि वादग्रस्त प्रश्न न्यायमूर्ती सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीकडे गेले. त्या वर्षी सर्व देशात संपांमुळे सुमारे ३ कोटी १६ लाख श्रमदिन वाया गेले. त्यांतील फार मोठा वाटा या एका संपाचा होता.

६. आधारांच्या मर्यादा

ज्या आधारांवर संप उभा होता त्यांच्यातच त्याच्या मर्यादाही होत्या. वस्ती जातींत विभागलेली होती आणि गिरणीही. अस्पृश्य कामगारांस अधिक वेतनाच्या साचेखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागत असल्याने स्पृश्य विणकर विटाळाचे कारण पुढे करीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपनेत्यांपुढे ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क संघ मान्य करीत नसेल, तर संघाच्या लढ्यासाठी अस्पृश्य कामगाराने उपाशी का राहावे, या प्रश्नाला एकजुटीच्या घोषणेने उत्तर मिळत नव्हते. हा अन्याय मालकाने नव्हे, तर सहकाऱ्यानेच लादलेला होता. ज्या प्रमाणात संघ त्याविषयी मौन राखी, त्या प्रमाणात ‘सर्व कामगारांचा संघ’ हा त्याचा दावा अपुरा राही.

दुसरी मर्यादा काळाची. फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी आळवे व डांगे यांच्यासह प्रमुख नेते पकडले गेले. एप्रिलमध्ये युनियनने पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला. सप्टेंबरपर्यंत तो विस्कळीत होऊन अयशस्वी झाला. डॉ. आंबेडकरांचा या संपास विरोध होता. शहर तेच होते, कामगार बहुतांशी तेच होते, आणि संघ पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा होता. मग फरक कशात पडला? आदल्या वर्षीची उधारी अद्याप फिटलेली नव्हती, वस्तीचे ऐक्य दंगलींनी भंगलेले होते आणि नेतृत्व तुरुंगात होते. सभासदसंख्या ही संघशक्तीची बाह्य खूण होय. तिच्यामागील आधार खचले की ती खूण फार काळ टिकत नाही.

तिसरी मर्यादा उद्योगाच्या स्थितीची. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. उधारी, गाव आणि वस्ती या तिन्ही आधारांनी तो एक वर्षाहून अधिक काळ जिवंत ठेवला. तो औपचारिकपणे कधी मागेही घेतला गेला नाही. परंतु एव्हाना कापड विणण्याचे पुष्कळसे काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे गेले होते. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६, अन्वये प्रतिनिधित्वाचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे असल्याने, ज्या नेत्यामागे कामगार होते त्याच्याशी वाटाघाट करणे मालकांवर बंधनकारक नव्हते. कामगार थांबू शकत होता, पण मालकाचे त्याच्यावाचून अडत नव्हते.

७. निष्कर्ष

अल्पवेतन कामगारांच्या संपाची शक्ती संघाच्या तिजोरीत शोधल्यास सापडत नाही. कामगार ज्या उधारीत, ज्या गावात आणि ज्या चाळीत जगतो, तेथे ती असते. ही शक्ती मोठी असली तरी ती ऋणाच्या रूपाने उभी राहते आणि तिची परतफेड कामगाराच्या घरातूनच होते. म्हणून दीर्घ संपाचे मूल्यमापन करताना गमावलेले श्रमदिन मोजणे पुरेसे नाही. संपानंतर कामगाराच्या हाती स्थायी स्वरूपाचे काय राहिले, हे पाहिले पाहिजे. १९२८ मध्ये त्याच्या हाती गिरणी समित्या आल्या आणि मुकादमाखेरीज बोलण्याचा एक मार्ग मिळाला; १९८२ नंतर कर्ज तेवढे राहिले. कंत्राटी आणि असंघटित क्षेत्रांतील कामगारांच्या लढ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी सभासदांच्या नोंदवहीइतकीच वाण्याची वहीही तपासली, तर संप का टिकतात आणि का मोडतात याचे उत्तर अधिक नेमकेपणाने हाती येईल.