ठरलेला वार, तोच थेरपिस्ट

घोटीशेजारच्या इगतपुरीत, धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं भरतात. घरातलं कुणी सतत भडकतं, आज गळ्यात पडतं आणि उद्या तोंड बघायला तयार नसतं, स्वतःला इजा करून घेतं, की एखादे काका हमखास सुचवतात, ‘दहा दिवस मौनात बसवा, ताळ्यावर येईल.’ गंमत म्हणजे शिबिराच्या प्रवेश-सूचनाच याच्या उलट बजावतात. गंभीर मानसिक आजार बरा होईल या आशेनं येऊ नका, हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, असं त्या सांगतात. नातेसंबंध अस्थिर असतील तर शिबिर अवघड जातं, हेही त्यात आहे. मला ही सूचना फार नेमकी वाटते. तीव्र व्यक्तिमत्त्व विकारात दुखणं असतं ते नात्यात, आणि मौनात तर नातंच बाजूला ठेवलेलं असतं.

२०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकाराचा प्रकार कोणता यापेक्षा तो सौम्य, मध्यम की तीव्र, याला महत्त्व आहे. तीव्र म्हणजे ‘मी कोण’ याचाच ठाव नसणं आणि जवळपास प्रत्येक नातं मोडत जाणं. व्हिएन्नात जन्मलेले, नाझींमुळे लहानपणी कुटुंबासह चिलीला गेलेले मनोविश्लेषक ओटो कर्नबर्ग यांनी अशा ‘बॉर्डरलाइन’ रुग्णांवर १९७५ साली मूलभूत ग्रंथ लिहिला. एकाच माणसात चांगलं आणि वाईट दोन्ही आहे, हे या मनाला एका वेळी पेलत नाही. माणूस एक तर देव, नाही तर दगा देणारा.

त्यांच्या पद्धतीत रुग्ण कोचावर झोपून बालपण आठवत नाही. तो आठवड्यातून दोनदा समोरासमोर बसतो. त्याआधी करार होतो : तास चुकला तर काय, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर कुठे जायचं, थेरपिस्टची जबाबदारी कुठे संपते. मग नात्यातला तोच खेळ त्या खोलीत सुरू होतो, आणि तो व्हावा अशीच अपेक्षा असते.

समजा, घोटीच्या एखाद्या भातगिरणीत हिशेब लिहिणारी तरुणी आहे. थेरपिस्टबाई सांगतात, पुढच्या आठवड्यात मी रजेवर आहे. ती पर्स उचलते. ‘कळलं. तुम्हालाही माझा कंटाळा आलाय.’ बाई समजूत घालत नाहीत, रजेचं कारणही देत नाहीत. म्हणतात, ‘आत्ता मी तुम्हाला टाकून जाणारी वाटतेय. मागच्या मंगळवारी तुम्ही म्हणालात, मला समजून घेणाऱ्या फक्त तुम्हीच. त्या बाई आता कुठे गेल्या?’ ती दारापाशी थांबते. दोन्ही बाई एकच आहेत, हे तिथे, त्या रागातच, जाणवावं लागतं. असं एकदा होऊन भागत नाही. वर्षभर, कधी त्याहून जास्त, हेच पुन्हापुन्हा घडतं.

याचा उपयोग होतो का? लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी मनोविश्लेषणातूनच आलेला दुसरा, ‘समोरच्याच्या मनात काय चाललं असेल’ हे ओळखायला शिकवणारा उपचार तपासला. उपचार सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या पाठपुराव्यात तो घेणाऱ्या गटातल्या २३ टक्के रुग्णांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ७४ टक्क्यांनी. रुग्ण ४१च होते, हे मात्र विसरू नये. आणि औषधं? ब्रिटनच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खास या विकारासाठी म्हणून औषधं देऊ नयेत.

आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात मनोविश्लेषकांची संस्था काढली, पुढे मुंबईतही हे काम रुजलं. पण मराठी माणसापर्यंत मानसोपचार पोचला तो मुख्यतः कि. मो. फडके यांच्या पुस्तकांतून आणि ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेल्या ‘आयपीएच’सारख्या संस्थांतून. त्यात भर होता अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीवर. मनोविश्लेषण इंग्रजी बोलणाऱ्या मुंबईतच राहिलं, असं माझं मत आहे.

मग घोटीकरानं आठवड्यातून दोनदा मुंबई गाठायची? नाशिकला जायचं तरी तासभर एसटी, आणि भाताच्या लावणीत तर तेही जमत नाही. इथे टोरांटोतला २००९चा १८० रुग्णांचा अभ्यास दिलासा देतो. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या, मनोविश्लेषणाची जाण असलेल्या डॉक्टरांचे साधे पण शिस्तीचे उपचार वर्षाअखेरीला, गाजलेल्या ‘डीबीटी’ (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) या उपचाराइतकेच गुणकारी ठरले.

म्हणून घरच्यांना एवढंच सांगणं : पेशंट रागावला म्हणून डॉक्टर बदलू नका. नाशिकमध्ये एकच मानसोपचारतज्ज्ञ धरा, एकच वार ठरवा, लावणीच्या दिवसांचं आधीच बोलून ठेवा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा सुरू झाली तर वाराची वाट न पाहता जवळचं रुग्णालय गाठा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.