सायकल जागेवर, डोकं वाटेवर

न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजच्या मानसशास्त्रज्ञ के अँडरसन-हॅन्ली यांनी २००८ ते २०१० या काळात ज्येष्ठांच्या आठ वसाहतींत एक प्रयोग केला. व्यायामाची सायकल सगळ्यांना सारखीच, टेकून बसायची. एका गटाने नुसतं पायडल मारायचं. दुसऱ्या गटापुढे मात्र पडदा : त्यावर वळणावळणाचा रस्ता आणि शर्यतीला स्पर्धक.

तीन महिन्यांनी परीक्षा झाली. त्यातला एक प्रकार असा : ‘निळा’ हा शब्द लाल शाईत छापलेला असतो. तो वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. करून बघा, जीभ हटकून ‘निळा’ म्हणते! तिला आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम आणि वयाबरोबर तिथेच ढिलाई येते. या चाचण्यांत पडदावाले सरस ठरले. गंमत म्हणजे दोन्ही गटांची मेहनत सारखीच होती. म्हणजे जास्तीचा फायदा निव्वळ घामाचा नव्हे. चेतापेशींना जगवणारं बीडीएनएफ हे प्रथिनही पडदावाल्यांच्या रक्तात अधिक वाढलं होतं.

प्रयोग पूर्ण करणारे मात्र ६३ जणच. तेवढ्यावर हुरळून जायला नको. साधं चालणंही काही कमी नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी वर्षभर नेमाने चाललेल्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित भाग, सुमारे दोन टक्के वाढला होता. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा आक्रसला.

मग पडद्याने काय साधतं? त्याचा धागा कॅलिफोर्नियातल्या एका मेंदूशास्त्रज्ञाकडे सापडतो. अ‍ॅडम गॅझली यांच्या ‘न्यूरोरेसर’ या खेळात गाडी हाकता हाकता ठरावीक खूण दिसताच बटण दाबायचं. महिन्याभरात १२ तास खेळलेले ६० ते ८५ वर्षांचे खेळाडू दोन कामं एकदम सांभाळण्यात सराव नसलेल्या विशीतल्या मुलांच्या पुढे गेले. ही दोन कामं सुटी सुटी करणाऱ्यांना तेवढं जमलं नाही. दोन्ही व्यवधानं एकाच वेळी सांभाळावी लागणं, खरी कसरत तीच असावी. सायकलवरही तेच घडत असावं, असं मला वाटतं.

कुठल्याही खेळाने मेंदू तरुण होतो, हा दावा मात्र बाजारचा. विसरभोळेपणा टळेल अशी जाहिरात करणाऱ्या ‘लुमोसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीला २०१६ साली अमेरिकी व्यापार आयोगाकडे २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. रोजचं सुडोकू सोडवत राहिलात, तर सुडोकूत तरबेज व्हाल एवढं नक्की.