फुलपाखरे येतात, पण मुक्काम का करत नाहीत?



गेल्या पावसाळ्यात गट मेळाव्यात लागणीचे बोलणे संपले तेव्हा एका सभासद भगिनीने विचारले, "साहेब, दारात झेंडूच्या दोन ओळी लावल्यात. फुलपाखरं येतात, पण लगेच जातात. राहत का नाहीत?" प्रश्न साधा, पण उत्तर आपल्या बांधापर्यंत जाते. म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

झेंडूवर फुलपाखराला मध मिळतो, एवढेच. पाहुणा चहा पिऊन उठतो तसे ते उठते. मुक्काम करायचा तर पोराबाळांची सोय लागते. फुलपाखराचे पोर म्हणजे अळी. ती मध पीत नाही, पाला खाते, आणि तोही ठरलेल्या झाडांचाच. मादी अंडी घालते तीही त्याच झाडांवर. तेव्हा मधाच्या झाडाला पाल्याच्या झाडाची जोड पाहिजे. ही जोडी जमली की बाग जमली.

पाल्याची झाडे आपल्या ओळखीचीच आहेत :

१) लिंबू व कडीपत्ता : यांवर लिंबावरचे ठिपक्यांचे फुलपाखरू वाढते. २०१५ साली आपल्या राज्याचे फुलपाखरू म्हणून जाहीर झालेले ब्ल्यू मॉर्मनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते.

२) रुई : बांधावरची एखादी रुई राहू द्यावी. नारिंगी रंगाचे प्लेन टायगर तिच्यावर वाढते. चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नये.

३) सीताफळ : हिरव्या ठिपक्यांचे, चपळ टेल्ड जे.

४) पानफुटी : लहानसे रेड पिएरो. कुंडीतही भागते.

५) बहावा व टाकळा : फिकट पिवळी फुलपाखरे.

यांच्या जवळच मधाची झाडे लावावीत. सदाफुली व एक्झोरा बारमाही चालतात. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत झेंडू व झिनिया. झेंडू एकेरी पाकळ्यांचा घ्यावा. गच्च फुलात सोंड मधापर्यंत पोचायला अडचण होते. हिरवळीसाठी ताग पेरला असेल तर गाडताना कडेची एक ओळ ठेवावी. टायगर जातीचे नर तागावर हमखास येतात. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरे पुष्कळ बसतात, तरी ती मुद्दाम लावू नये. ती रान व्यापते आणि जनावरांना विषारी आहे.

जागा अर्धा गुंठा पुरे. ऊन भरपूर, वाऱ्याला आडोसा. मागे लिंबू-सीताफळ, मध्ये कडीपत्ता, पुढे फुले. पाटाच्या कडेला थोडी ओली माती असू द्यावी. नर फुलपाखरे तेथे बसून ओलीतले क्षार घेतात.

आता सभासदांची खरी शंका. "या अळ्या उसावर गेल्या तर?" जात नाहीत. खोडकीड, कांडी कीड, शेंडे कीड हे सगळे पतंग आहेत, त्यांचा संसार वेगळा. गवतावर वाढणाऱ्या काही मोजक्या फुलपाखरांच्या अळ्या उसाच्या पानावर दिसतात, पण वर दिलेल्या झाडांवरची एकही त्यात नाही. लिंबाची अळी लिंबावरच मरेल, पण ऊस खाणार नाही. ज्यांची लिंबाची बाग वा रोपवाटिका आहे त्यांना मात्र ती कीडच; त्यांनी तिला थारा देऊ नये.

आणि प्रत्येक अळी वैरी नसते. २००२ साली आपल्याकडे उसावर लोकरी मावा आला तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या माव्याचा फडशा पाडणाऱ्या मित्रकिडींत 'डिफा' नावाच्या एका पतंगाची अळीच होती. जेथे घाईने औषध मारले तेथे ती मावा खाणारी अळीही मरायची.

एवढे ठाऊक असून मी स्वतः चुकलो. चार वर्षांपूर्वी घरच्या लिंबावर अळ्या दिसल्या. पंपात उसाचे औषध उरले होते, वाया कशाला घालवा म्हणून मारले. संध्याकाळी मुलगी शाळेतून आली आणि वही घेऊन झाडाजवळ गेली. रोज ती अळ्या मोजत होती. अकरा होत्या. तिने वही मिटली, मला काही बोलली नाही. ते लिंबू मला आजही त्या वहीसकट दिसते.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. उरलेले औषध परसात मारू नये, पंपही तेथे धुऊ नये. उसात टू-फोर-डी मारताना वारा बागेकडे नाही हे पाहावे. रुंद पानांची झाडे त्याने करपतात. आणि पाचट पेटवू नये. सरीत कुजले तर जमिनीला खत होते. पेटले तर बांधावरचे कोशही जळतात.

अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो. तेवढे दिवस लिंबाची चार पाने खाऊ द्यावीत. त्या भगिनींनी यंदा झेंडूशेजारी कडीपत्त्याची दोन रोपे लावली आहेत. आपणही एक जोडी लावून पाहावी, आणि अळी ओळखता आली नाही तर पंप हातात घेण्याआधी गट कार्यालयात दाखवावी.

आपला,
ऊस विकास अधिकारी