फोल्डर कोणाचा? परवानगी, मालकी आणि विश्वास

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने कॉम्प्युटरच्या फोल्डरवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण ‘हे कोणाचं?’ आणि ‘याला हात लावायचा अधिकार कोणाला?’ हे प्रश्न आमच्याच विषयाचे आहेत. आज ते एका फोल्डरच्या निमित्ताने मांडतो आहोत.

आम्ही सहा निवृत्त शिक्षक आमच्या दिवंगत गुरुजींच्या टिपणवह्या टाइप करतो आहोत. फाइली एका लिनक्स कॉम्प्युटरवर ठेवलेल्या. काम करणारे बहुतेक विंडोजवर, एक जण मॅकवर. एकाने तयार केलेली फाइल दुसऱ्याला उघडता यायची, पण बदल सेव्ह होत नसत. कंटाळून आम्हीच मदतीला येणाऱ्या मुलाला म्हटलं, ‘बाबा, सगळ्यांना सगळं खुलं कर.’ त्याने जुन्या-नव्या सगळ्या फाइलींना ७७७ लावून टाकलं. तक्रारी मिटल्या. तीन आठवड्यांनी एका ज्येष्ठ सरांच्या हातून तपासून झालेल्या चार प्रकरणांचा फोल्डर डिलीट झाला. नेटवर्कवरची फाइल विंडोजमधून डिलीट केली, तर ती सहसा रीसायकल बिनमध्ये जात नाही, कायमची जाते. दोन प्रकरणं जुन्या ईमेलमध्ये सापडली, दोन पुन्हा टाइप करावी लागली. सरांनी यायचंच बंद केलं.

आता ७७७ म्हणजे काय ते बघू. युनिक्सच्या घराण्यात, म्हणजे लिनक्समध्येही, प्रत्येक फाइलला तीन खाती असतात: मालक, गट आणि इतर. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, अशी बेरीज करायची. ६४४ म्हणजे मालक वाचतो आणि लिहितो, बाकीचे नुसते वाचतात. आमची पहिली अडचण याच जातीची होती. ७७७ म्हणजे तिघांनाही सगळं.

यात एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. युनिक्समध्ये फाइल पुसण्याचा हक्क फाइलवर अवलंबून नसतो, तो ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर ठरतो. फोल्डर ही नावांची यादी असते आणि फाइल पुसणं म्हणजे त्या यादीतलं नाव खोडणं. तेव्हा दुसऱ्याच्या ज्या फाइलीत आपल्याला एक अक्षर बदलता येत नाही, ती फाइल आपण अख्खी पुसू शकतो, फोल्डरवर लिहिण्याचा हक्क असला की झालं. म्हणून आम्ही म्हणतो, परवानगी हा फाइलचा गुण नाही. माणूस, वस्तू आणि जागा यांच्यातला तो एक संबंध आहे.

विंडोज हाच संबंध वेगळ्या भाषेत लिहितं. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासून तिथे फाइलला तीन खात्यांऐवजी यादी जोडलेली असते: कोणाला काय करू द्यायचं, कोणाला काय नाकारायचं. पुसण्याचा हक्क तिथे वेगळा नोंदवता येतो. शिवाय शेअर केलेल्या फोल्डरला दोन दारं असतात, एक शेअरचं आणि एक डिस्कवरच्या फाइलचं. दोन्हींतलं जे अरुंद, तेवढंच माणसाला आत सोडतं.

या दोन भाषांमधला दुभाष्या म्हणजे सांबा. ऑस्ट्रेलियात पीएचडी करत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२च्या सुमारास त्याची सुरुवात केली. साध्या मांडणीत हा दुभाष्या विंडोजची लांब यादी तीन खात्यांत बसवू पाहतो. अनुवादात छटा गळतात, हे आम्ही साहित्यवाल्यांना काय सांगावं! म्हणून नियम सर्व्हरवरच, एकदाच आणि स्पष्ट ठरवावेत.

आम्ही पुढे असं केलं. सहाही जणांचा एक गट केला आणि हक्क व्यक्तींना न देता गटाला दिले. कामाच्या फोल्डरला २७७५ लावलं. सुरुवातीच्या २मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच गटाची होते. सांबात क्रिएट मास्क ०६६४ ठेवला, म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याला सुधारता येते. तपासलेली प्रकरणं वेगळ्या ‘अंतिम’ फोल्डरमध्ये हलवली. तिथे लिहिण्याचा हक्क दोघा संपादकांच्या गटाला, बाकीच्यांना नुसतं वाचन. सांबाचं ‘रीसायकल’ मॉड्यूल चालू केलं, त्यामुळे पुसलेली फाइल बाजूला जपून राहते. आणि आठवड्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतो, कारण परवानगी म्हणजे बॅकअप नव्हे.

कोणी म्हणेल, मित्रांमध्ये कसले हक्क न् कसल्या मर्यादा? आम्हालाही तेच वाटलं होतं. सगळं खुलं ठेवणं हा आम्हाला विश्वास वाटला. प्रत्यक्षात आम्ही एका माणसाच्या हाती त्याला न सांगता सगळं मोडण्याची ताकद दिली आणि मोडल्यावर त्याच्याकडे पाहिलं. नीट घातलेली मर्यादा फाइलला जपते, त्याहून जास्त माणसाला जपते.

आम्ही सरांच्या घरी गेलो. ही मांडणी कागदावर काढून दाखवली. म्हटलं, ‘सर, चूक तुमच्या बोटाची नव्हती, आमच्या ७७७ची होती.’ ते बराच वेळ कागद बघत बसले. मग म्हणाले, ‘अंतिममध्ये लिहिणारे दोघं कोण?’

त्या दोघांपैकी एक आज तेच आहेत. आता तुमचे प्रश्न घेऊ.